एका पेशंटपुरता रट्टा

आपल्या कॉलेजात रट्टा मारणाऱ्याला मान नाही. निदान तोंडावर तरी नाही. (पीएल सुरू झाली की मात्र त्याच्याच रूमबाहेर नोट्ससाठी रांग लागते, ते सोडा.) मशीन लर्निंगच्या लेक्चरलाही पहिल्या आठवड्यात हेच सांगतात. मॉडेलने ट्रेनिंगचा डेटा नुसता पाठ केला तर त्याला ओव्हरफिटिंग म्हणायचं, आणि ओव्हरफिटिंग म्हणजे पाप. कारण परीक्षेत नवीन गणित आलं की असलं मॉडेल तोंडावर आपटतं. व्हायवाला एक्स्टर्नलने काहीही विचारलं तरी शेवटी "ओव्हरफिटिंग कसं टाळाल?" हे विचारतोच.

यंदा सेमिनारसाठी मी जो विषय घेतला त्यात नेमकी उलटी गोष्ट सापडली. तिथे मॉडेलला मुद्दाम रट्टा मारायला लावतात आणि ते चक्क जास्त चांगलं चालतं. विषय आहे रेडिओथेरपीचा. पेशंटच्या स्कॅनवर अवयवांच्या सीमा आखून देणारं सॉफ्टवेअर त्या एकाच पेशंटला जुळवून कसं घ्यायचं, हा. घाबरू नका, इंटिग्रल वगैरे काही नाही. एकच फॉर्म्युला आहे आणि तो मेसच्या बिलापेक्षा सोपा आहे.

आधी रेडिओथेरपी म्हणजे काय ते पाहू. आमच्या आगरदांड्याला याला 'शेक देणं' म्हणतात. शब्द तसा फसवा, कारण गरम काही लागत नाही. लिनिअर ॲक्सिलरेटर नावाचं मशीन पेशंटभोवती फिरतं आणि वेगवेगळ्या दिशांनी जोरदार एक्स-रे सोडतं. हे किरण पेशींच्या डीएनएवर घाव घालतात. चांगल्या पेशी रात्रभरात बरीचशी दुरुस्ती करून घेतात, कॅन्सरच्या पेशींना ती तितकीशी जमत नाही. म्हणून सगळा डोस एकदम न देता रोज थोडा थोडा देतात. ओटीपोटातल्या कॅन्सरला साधारण ४५ ते ५० ग्रे हा डोस २५ दिवसांत विभागून देतात. सोमवार ते शुक्रवार, पाच आठवडे. (एक ग्रे म्हणजे एका किलोमागे एक ज्यूल. फर्स्ट इयरचं फिजिक्स कुठेतरी उपयोगी पडलं!)

पण किरणांना काय ठाऊक, गाठ कुठे आणि आतडं कुठे? ते कोणीतरी सांगावं लागतं. म्हणून उपचार सुरू होण्याआधी पेशंटचा सीटी स्कॅन काढतात. लादीपावाच्या चकत्या कराव्यात तशा शरीराच्या दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या चकत्या, ओटीपोटाच्या शंभराच्या वर. मग डॉक्टर कॉम्प्युटरसमोर बसून एकेका चकतीवर माऊसने रेघ ओढतात. हे ब्लॅडर, हे गुदाशय, हे आतडं, हा मारायचा भाग. याला कंटूरिंग म्हणतात. एका पेशंटला तास-दोन तास सहज जातात, आणि डोकं-मान भागातली केस असेल तर त्याहूनही जास्त. ज्यांनी इंजिनीअरिंग ड्रॉइंगच्या शीट्स पूर्ण केल्यात त्यांना या कामाची कल्पना येईल. फरक एवढाच, की इथे रेघ चुकली तर रिपीट नाही मिळत.

(माझी शाळा कॉन्व्हेंटची. त्यामुळे ब्लॅडरला शुद्ध मराठीत मूत्राशय म्हणतात हे मला सेमिनारच्या निमित्तानेच कळलं. मी इथे ब्लॅडरच म्हणणार आहे, मराठीच्या सरांनी कृपया चालवून घ्यावं.)

रेघा ओढायचं हे काम कॉम्प्युटरला शिकवणं म्हणजे सेगमेंटेशन. यात मोठी उडी बसली २०१५ मध्ये. जर्मनीतल्या फ्रायबर्ग युनिव्हर्सिटीतल्या रॉनेबर्गर, फिशर आणि ब्रॉक्स या तिघांनी 'यू-नेट' नावाचं न्यूरल नेटवर्क मांडलं. इंग्रजी यू अक्षरासारखा त्याचा आकार. डावीकडून खाली उतरताना चित्र लहान लहान करत 'हे काय आहे' ते शोधायचं, मग उजवीकडून वर चढताना पुन्हा मोठं करत 'नेमकं कुठे आहे' ते ठरवायचं, आणि मध्ये आडवे पूल टाकायचे म्हणजे बारकावे हरवत नाहीत. एवढीच युक्ती! पण आज वैद्यकीय सेगमेंटेशनमधलं जवळपास प्रत्येक मॉडेल या ना त्या रूपात तिच्यावर उभं आहे. काही शे पेशंटचे स्कॅन आणि डॉक्टरांनी आखलेल्या रेघा दाखवल्या की नव्या पेशंटचं ब्लॅडर ते काही सेकंदांत आखून देतं.

किती बरोबर आखलं हे मोजायला डाइस कोइफिशंट वापरतात. ली डाइस हा माणूस प्राणी-वनस्पतींचा अभ्यासक. १९४५ मध्ये त्याने दोन प्रजाती किती वेळा एकत्र सापडतात हे मोजायला हे माप काढलं, आणि ते येऊन पोचलं कॅन्सर हॉस्पिटलात. डॉक्टरांच्या आकारात १०० ठिपके, मशीनच्या आकारात १००, दोघांत सामाईक ९०, तर डाइस ०.९. पेपर वाचताना ०.९ दिसला की छान वाटतं. पण मोठ्या आकारात ०.९ च्या आतही एखादी जिभेसारखी पट्टी आतड्यात घुसलेली लपू शकते, कारण हे माप एकूण भाग बघतं, कड कुठे घसरली ते बघत नाही. आपल्या परसेंटेजसारखंच आहे हे. नव्वद टक्क्यांतले गेलेले दहा नेमके कुठल्या युनिटचे, ते मार्कशीटवर दिसत नाही.

आता खरी अडचण. सीटी काढला एका दिवशी आणि उपचार चालले पुढचे पाच आठवडे. शरीर काय फोटोसारखं थांबून राहतं?

इथे माझ्या काकीबद्दल सांगते. (तिला विचारूनच लिहितेय.) काकी आगरदांड्याची, काका मासेमारी करतात. दोन वर्षांपूर्वी तिला गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर निघाला. भारतात २०२२ या एका वर्षात हा कॅन्सर झालेल्या नव्या बायकांचा आंतरराष्ट्रीय अंदाज सव्वा लाखाच्या वर आहे, म्हणजे काकी काही एकटी नव्हती. ऑपरेशन करून गर्भाशय काढलं आणि नंतर रेडिएशन सांगितलं. आगरदांड्याहून मुंबई रस्त्याने दीडशे किलोमीटरच्या वर. रोज जाऊन येऊन करणं शक्यच नव्हतं. पाच आठवडे ती कळव्याला माझ्या मावशीकडे राहिली आणि तिथून लोकलने हॉस्पिटलला जायची.

रोजचा नियम असा : ब्लॅडर रिकामं करायचं, मग अर्धा लिटर पाणी प्यायचं आणि नंबर येईपर्यंत धरून बसायचं. ब्लॅडर भरलेलं असलं की ते आतड्याला वर ढकलतं आणि आतडं किरणांच्या वाटेतून थोडं बाजूला होतं. ऑपरेशननंतर तर हे जास्तच गरजेचं, कारण गर्भाशय काढल्यावर त्या रिकाम्या जागेत छोटं आतडं खाली उतरून बसतं. कल्पना उत्तम आहे. पण माणसाचं ब्लॅडर म्हणजे मोजपात्र नव्हे. एखाद्या दिवशी आधीच्या पेशंटला वेळ लागायचा आणि काकी घामाघूम व्हायची. एखाद्या दिवशी टेबलावर घेऊन स्कॅन केला की कमी भरलंय म्हणून परत बाहेर. तेच अर्धा लिटर पाणी, पण उन्हातून आलेल्या दिवशी वेगळं भरणार, उलट्या झालेल्या दिवशी वेगळं. त्यात पोटातला गॅस, बद्धकोष्ठ, कमी झालेलं वजन.

एकदा मी तिच्याबरोबर गेले होते तेव्हा तिने मला विचारलं, "अगो, रोज मीच, मशीनपण तेच, मग रोज फोटो कशाला काढतात? आणि काढतात तर रेघा नव्याने मारतात का जुन्याच?"

मला वाटतं, हा प्रश्न एखाद्या एक्स्टर्नललाही सुचला नसता. उत्तर असं होतं, की फोटो रोज नवा आणि रेघा जुन्या. फोटो पाहून हाडं जुळवायची, टेबल दोन-चार मिलिमीटर सरकवायचं आणि पहिल्या दिवशी आखलेला प्लॅन चालवायचा. जगात आजही बहुतेक ठिकाणी असंच चालतं, आणि त्याला कारण आहे. रोज हाताने नव्या रेघा ओढायच्या तर डॉक्टरला प्रत्येक पेशंटमागे रोज तासभर लागेल, आणि बाहेर पन्नास माणसं बसलेली असतात. म्हणून मग मारायच्या भागाभोवती सगळीकडून काही मिलिमीटरची जास्तीची पट्टी धरतात. हलला तरी पट्टीच्या आत राहील. आपण एसटीच्या वेळेआधी अर्धा तास स्टँडवर जाऊन बसतो तसं. पण या पट्टीत निरोगी आतडंही भाजून निघतं.

काकीचा कॅन्सर आजपर्यंत परत आलेला नाही, प्रत्येक चेकअप नीट. पण आतड्याचा त्रास राहिला. दिवसातून कितीतरी वेळा जावं लागतं, आणि लागलं की थांबता येत नाही. मुरुडहून एसटीने कुठे निघायचं म्हटलं की ती आधी विचारते, गाडी कुठे कुठे थांबते? लग्नाकार्याला जाणं तिने जवळजवळ सोडलंय. ही पट्टी काही मिलिमीटरने कमी झाली असती तर? हा प्रश्न मला सेमिनारभर सुटला नाही.

आणि तो भाबडा प्रश्न नाही. याचा पुरावा आपल्याच महाराष्ट्रात तयार झालाय. टाटा मेमोरियल सेंटरच्या डॉ. सुप्रिया चोप्रा आणि सहकाऱ्यांनी २०११ ते २०१९ या काळात ३०० बायकांवर एक मोठी चाचणी केली. 'पार्सर' असं तिचं नाव. सगळ्या गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या, ऑपरेशननंतर रेडिएशन लागलेल्या, म्हणजे काकीसारख्याच. निम्म्यांना जुन्या पद्धतीने, निम्म्यांना नव्या, चित्र पाहून अचूक आकार देणाऱ्या पद्धतीने शेक दिला. निकाल २०२१ मध्ये छापून आला. तीन वर्षांनंतर आतड्याचा मध्यम किंवा त्याहून जास्त त्रास जुन्या पद्धतीत ४२.४ टक्के बायकांना, नव्या पद्धतीत २१.१ टक्के. निम्म्यावर! आणि कॅन्सर आटोक्यात राहण्यात काही फरक पडला नाही. यात कृत्रिम बुद्धिमत्ता वगैरे काही नव्हतं हे मुद्दाम सांगते. पण डोस जितका नेमका आकार घेतो तितकी रेघ कुठे आहे याची किंमत वाढते. जाड ब्रशने भिंत रंगवताना दोन मिलिमीटरचं कोणाला पडलंय? बारीक पेनने मात्र पडतं.

रोजच्या शरीराप्रमाणे उपचार बदलायची कल्पना तशी जुनी. अमेरिकेत मिशिगनमधल्या डी यान यांनी १९९७ मध्येच 'अडॅप्टिव्ह रेडिएशन थेरपी' या नावाने ती मांडली होती. अडत होतं ते रेघांपाशी. रॉटरडॅमच्या इरॅस्मस हॉस्पिटलने मधला मार्ग काढला : पेशंटचा एक स्कॅन भरल्या ब्लॅडरवर, एक रिकाम्यावर, त्यावरून दोन-तीन प्लॅन आधीच तयार, आणि रोज फोटो बघून त्या दिवशी जुळेल तो निवडायचा. मेसच्या मेनूसारखं. आणि मेसच्याच मेनूसारखं, कधीकधी त्यातलं काहीच जुळत नाही.

२०१९ मध्ये व्हेरियन कंपनीचं ईथॉस नावाचं मशीन आलं. त्यात पेशंट टेबलावर असतानाच कॉम्प्युटर नव्या रेघा आखतो, डॉक्टर तपासतो आणि नवा प्लॅन त्याच जागी बनतो. ब्लॅडर, गुदाशय अशा शेजारच्या अवयवांना त्यात 'इन्फ्लुएन्सर' म्हणतात (हसू नका, खरंच म्हणतात). कारण ते हलले की गाठीची जागा हलते. इन्फ्लुएन्सर कॉम्प्युटर स्वतः ओळखतो आणि मारायच्या भागाची रेघ पहिल्या दिवसाच्या रेघेवरून रबरासारखी ताणून बसवतो.

पण इथला अवयव ओळखणारा भाग अजून 'सर्वसाधारण' आहे. शेकडो लोकांवरून शिकलेला. त्यातून रोजचा फोटो असतो मशीनच्याच हाताने काढलेला कोन-बीम सीटी. पहिल्या चांगल्या सीटीपुढे तो म्हणजे होस्टेलच्या गॅदरिंगचा रात्री काढलेला फोटो. दाणेदार, आणि पोटात गॅस असला की पट्टेच पट्टे. सर्वसाधारण मॉडेल तिथे अडखळतं, कारण त्याला 'कुठल्याही माणसाचं' ब्लॅडर शोधायचं असतं. समोर मात्र एकच माणूस असतो. तोच, पंचवीस वेळा.

इथे रट्टा आला!

आपल्या परीक्षेत रट्टा का फसतो? पेपर बदलतो म्हणून. पण समजा तुम्हाला कोणी सांगितलं, की पंचवीस पेपर होणार आहेत, प्रत्येकात गणित तेच, फक्त आकडे थोडेथोडे बदलणार. मग काय कराल? तेच गणित घोकाल, आणि शहाणे असाल तर आकडे बदलून बदलून घोकाल.

नेमकं हेच करतात. आधी शेकडो पेशंटवर शिकलेलं मॉडेल घ्यायचं. त्याची एक प्रत काढायची, मूळ प्रतीला हात लावायचा नाही. या प्रतीला फक्त एका पेशंटचा पहिला सीटी आणि डॉक्टरांनी मंजूर केलेल्या रेघा द्यायच्या. एका चित्रावर किती शिकणार? म्हणून ते चित्र कॉम्प्युटरनेच हजार तऱ्हांनी ताणायचं. ब्लॅडर फुगवायचं, आकसायचं, गुदाशयात खोटा गॅस भरायचा, कंबर थोडी फिरवायची, चित्र दाणेदार करायचं, आणि प्रत्येक वेळी रेघाही बरोबर ताणायच्या. हा सराव पेशंट पहिल्यांदा टेबलावर यायच्या आधीच्या दिवसांत चालतो. पहिल्या दिवशी मॉडेल रेघा आखतं, डॉक्टर दोन-चार दुरुस्त्या करतो, आणि रात्री त्या दुरुस्त्याही अभ्यासात जमा. दुसऱ्या दिवशी मॉडेल थोडं अजून शहाणं. २०२१ मध्ये कोरिया आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी या पद्धतीला नावच देऊन टाकलं : इंटेन्शनल डीप ओव्हरफिट लर्निंग, म्हणजे मुद्दाम केलेला खोल रट्टा. इंग्रजी आद्याक्षरं जोडली की 'आयडॉल' होतं. डोक्या-मानेच्या पेशंटच्या दुसऱ्या सीटीवर रेघा आखताना सर्वसाधारण मॉडेलचा डाइस त्यांना ०.८४७ मिळाला होता, रट्टा मारलेल्याचा ०.९३५.

'हे मॉडेल दुसऱ्या पेशंटवर चालेल का?' असं सेमिनारला मला विचारलं गेलं. मुळीच चालणार नाही. दुसऱ्यावर ते सपशेल नापास. पण ते दुसऱ्यावर चालवायचंच नाहीये, दुसऱ्याला त्याची वेगळी प्रत.

हे समजायला मला काकांचा उपयोग झाला. काका तांडेल. संबंध किनाऱ्याचा नकाशा छापील मिळतो, त्यात खोलीचे आकडे असतात, आणि तो कुठल्याही बोटीला चालतो. पण राजपुरीच्या खाडीत शिरताना काका नकाशा बघत नाहीत. उधाणाच्या भरतीला कुठून बोट काढायची, भांगाला कुठे पाणी कमी पडतं, दिघीची फेरीबोट समोरून आली तर कुठे सरकायचं, सगळं पाठ. त्यांना रत्नागिरीच्या खाडीत सोडलं तर एवढं जमणार नाही, आणि त्याची त्यांना लाजही वाटत नाही. जन्म या खाडीत काढायचाय.

पण हेच काका पावसाळ्याचा जोर ओसरून नारळी पौर्णिमेनंतर पहिली बोट घालतात तेव्हा पाठांतरावर विसंबत नाहीत. मधल्या काळात पुराने गाळ कुठून कुठे नेलेला असतो. पहिल्या फेरीला बांबू टाकून खोली बघत हळू जातात.

मॉडेलकडे हा बांबू कुठून आणायचा, हा या सगळ्या प्रकरणातला अवघड भाग आहे, आणि याबद्दल मला जरा जास्त लिहायचंय.

समजा पहिल्या दिवशी डॉक्टरांची रेघ एका जागी तीन मिलिमीटर आत पडली. दोन चांगले डॉक्टरही एकाच स्कॅनवर अगदी एकसारखी रेघ ओढत नाहीत, यावर ढीगभर संशोधन झालेलं आहे. सर्वसाधारण मॉडेल शेकडो डॉक्टरी रेघांवरून शिकतं, त्यात एकेकाच्या लकबी एकमेकांना खोडून जातात. रट्टा मारणारं मॉडेल मात्र हीच तीन मिलिमीटरची लकब इमानाने पाठ करणार आणि पंचवीसही दिवस तिथेच गिरवणार.

आता तो कबूल केलेला एकमेव फॉर्म्युला. नेदरलँड्समधल्या मार्सेल व्हॅन हर्क आणि सहकाऱ्यांनी २००० साली गाठीभोवतीची पट्टी किती ठेवावी याचं गणित मांडलं. चूक दोन जातींची. सिस्टिमॅटिक, म्हणजे रोज त्याच बाजूला तेवढीच होणारी. आणि रँडम, म्हणजे आज इकडे, उद्या तिकडे. तर पट्टी = २.५ × सिस्टिमॅटिक + ०.७ × रँडम. इतकी पट्टी ठेवली तर शंभरातल्या नव्वद पेशंटच्या टार्गेटला कमीत कमी ९५ टक्के डोस मिळतो. दोन्ही चुका पेशंटागणिक तीन-तीन मिलिमीटर पसरलेल्या धरा. सिस्टिमॅटिकसाठी साडेसात मिलिमीटर लागतात, रँडमसाठी फक्त २.१. बेरीज ९.६.

म्हणजे एखादे दिवशी हात हलला तर डोस नुसता थोडा पुसट होतो, कारण उद्या तो उलट दिशेला हलेल. पण रोज एकाच बाजूची चूक गाठीचा एक कोपरा पाचही आठवडे कोरडा ठेवते. आता बघा, सर्वसाधारण मॉडेल दाणेदार फोटोवर रोज वेगवेगळं चुकतं, आणि रट्टेबाज मॉडेल कमी चुकतं, पण रोज तीच चूक करतं. डाइसचा आकडा वर गेला म्हणून टाळ्या वाजवायच्या आधी, उरलेली चूक कुठल्या जातीची झाली हे बघायला पाहिजे. मी वाचलेल्या बऱ्याच पेपरांत सरासरी डाइसचे तक्ते आहेत आणि हा हिशोब नाही. माझ्या मते डाइस थोडा कमी आला तरी चालेल, पण पहिल्या सीटीवरच्या रेघा दोन डॉक्टरांनी तपासल्याशिवाय मॉडेलला पाठ करायला देऊच नयेत. सगळा रट्टा त्या एका चित्रावर उभा आहे.

दुसरा धोका गाळ सरकण्याचा. तिसऱ्या आठवड्यात पोटात अचानक मोठा गॅस, किंवा ऑपरेशनच्या जागी साचलेलं पाणी ओसरलं, तर पाठ केलेलं ब्लॅडर आणि समोरचं ब्लॅडर यात ताळमेळ राहत नाही. आणि मॉडेलचा स्वभाव असा, की ते "सर, येत नाही" म्हणत नाही. आत्मविश्वासाने काहीतरी आखतंच. यावर एक साधा बांबू आहे. मूळ सर्वसाधारण मॉडेल फेकायचं नाही, रोज दोघांकडून रेघा काढून घ्यायच्या. जिथे दोघांचं पटतं तिथे डॉक्टरने भरभर पुढे जावं, जिथे पटत नाही ती चकती लाल करून दाखवावी. सतरा लाल चकत्या नीट बघणं हे सगळ्या एकशेवीस घाईत बघण्यापेक्षा बरं.

तिसरी गोष्ट मॉडेलच्या हातातलीच नाही. ब्लॅडरला कड असते, ती चित्रात दिसते. पण मारायचा भाग म्हणजे नुसती दिसणारी गाठ नसते. तिच्या आजूबाजूला न दिसणाऱ्या पेशी असतील असं धरून डॉक्टर जास्तीचा भाग आखतात. काकीच्या बाबतीत तर गाठ ऑपरेशनमध्येच गेली होती, जे मारायचं ते चित्रात दिसतच नव्हतं! ती रेघ म्हणजे अनुभवाने घेतलेला निर्णय असतो. ज्यांचं ऑपरेशन होत नाही त्यांची गाठ उपचारात लहान होत जाते, आणि मॉडेल लगेच रेघ आवळायला निघेल. पण गाठ आकसली म्हणून तिच्या जुन्या जागेवरच्या पेशी मेल्या असं नसतं. तिथे रेघ आवळायची की नाही हे मशीनने ठरवू नये असं मला वाटतं, आणि सध्याची मशीनं ते ठरवतही नाहीत, शेवटची सही डॉक्टरचीच.

ही सहीसुद्धा घाईत होते. पेशंट टेबलावर पडून, हलायचं नाही, आणि रेघा आखून, तपासून, नवा प्लॅन होईपर्यंत वीस-पंचवीस मिनिटं सहज जातात. तेवढ्यात ब्लॅडर भरतच असतं. म्हणजे रेघ पूर्ण झाली तोवर ती थोडी शिळी! म्हणून इथे मॉडेलचा वेग हा चैनीचा विषय नाही.

नियमांचं कोडं वेगळंच आहे. औषध किंवा मशीन मंजूर होतं तेव्हा ते 'असं असं आहे' म्हणून मंजूर होतं. रोज रात्री बदलणारं सॉफ्टवेअर मंजूर कसं करायचं? अमेरिकेच्या एफडीएने डिसेंबर २०२४ मध्ये यावर मार्गदर्शक नियम काढले, की सॉफ्टवेअर पुढे काय आणि कसं बदलणार, ते तपासणार कसं, याचा आराखडा आधीच सादर करून मंजूर करून घ्या. पण त्यात मुख्यतः कंपनीने वेळोवेळी करायच्या बदलांचा विचार आहे. पेशंटागणिक वेगळी प्रत आणि तीही रोज बदलणारी, हे त्याच्याही एक पाऊल पुढे आहे.

तुम्ही म्हणाल, ही परदेशातल्या महागड्या मशीनची चैन, आपल्याला काय त्याचं? मशीन महाग आहे हे खरं. आपल्याकडे अजून पुष्कळ ठिकाणी साध्या कोबाल्ट मशीनवर काम चालतं. ट्रॉम्बेच्या बीएआरसीने बनवलेलं 'भाभाट्रॉन' हे अशा मशीनचं देशी रूप. पण रट्टा मारायला लागणारी गोष्ट मशीन नव्हे, एक बऱ्यापैकी ग्राफिक्स कार्ड आहे. ती आपल्या लॅबमध्येही आहे (सध्या त्यावर रात्री काय चालतं ते लॅब असिस्टंटना माहीत आहे, मी नाव घेत नाही). शिवाय परदेशी पेशंटवर शिकलेलं मॉडेल आपल्याकडच्या कृश बाईवर, वेगळ्या स्कॅनरवर बिचकतं. त्यावर एक उपाय म्हणजे इथले हजारो स्कॅन गोळा करा, जे व्हायला हवंच. दुसरा उपाय हा, की समोरच्या एका बाईवरून शिका. त्याला फक्त तिचाच स्कॅन पुरतो. म्हणून मला ही पद्धत आपल्यासाठी जास्त जवळची वाटते. रोजचा फोटो काढणारं मशीन असलं आणि नवा प्लॅन रोज बनवता आला नाही, तरी 'आज आतडं वाटेत आलंय, आज थांबा' एवढं जरी त्या रेघा सांगू शकल्या तरी पुष्कळ झालं.

एक गोष्ट राहिली. पाचवा आठवडा संपला, पेशंट घरी गेला. आता या प्रतीचं काय? ती पुसावी असं एक मत. कारण तिने एका माणसाचं शरीर अक्षरशः पाठ केलंय. नाव काढून टाकलं तरी असल्या मॉडेलमधून मूळ चित्राचा बराच अंश परत काढता येऊ शकतो, म्हणजे ती पेशंटच्या फाईलइतकीच खाजगी. दुसरं मत, ठेवावी. दुखणं उलटलं आणि परत शेक द्यायची वेळ आली तर हाताशी असेल.

गणपतीत घरी गेले होते तेव्हा मी काकीला हे समजावलं, आणि तिच्या जागी तू असतीस तर काय सांगितलं असतंस म्हणून विचारलं. काकी कोळंबी सोलत होती. म्हणाली, "पुसून टाका म्हणावं. मला परत जायचंच नाय." काका मागून म्हणाले, "ठेवू दे गं. जागा काय खाते ती?"